मी गळते म्हणून पाणी गार असतं

मी छागल बोलतेय. आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव गोड नाही. गोड बोलणारी वस्तू हवी असेल तर साखरेच्या डब्याकडे जा.

आणि हो, मी गळते. बघा, लगेच नाक मुरडलंत! जन्मापासून हेच. जो येतो तो माझ्या बुडाला बोट लावतो आणि ओरडतो, "अरे, ही गळते!" जसा काही मोठा शोधच लागला. अहो, मी जाड्याभरड्या कापडाची पिशवी आहे. माझ्या पोटात पाणी भरायचं आणि मला वाऱ्यावर टांगायचं. अंगातून पाणी पाझरतं, वारा ते सुकवतो आणि आतलं पाणी गार होतं. दहातला एक पेला वाऱ्याला द्यावा तेव्हा उरलेले नऊ गार मिळतात. एवढी साधी गोष्ट. पण ती एका शहाण्याला कळली नाही, आणि त्यापायी एका भल्या माणसाची नोकरी गेली.

मला शिवलं ते तंबू शिवणाऱ्या एका शिंप्याने, उरलेल्या कापडातून. त्याची सुई बोथट, डोळे अधू आणि तोंड फटकळ. माझ्या अंगावर दोनशे बारा टाके आहेत आणि प्रत्येक टाक्याबरोबर त्याने एक शिवी हासडलेली आहे. त्या सगळ्या आत शिवल्या गेल्या. माझा स्वभाव कुठून आला ते आता कळलं असेल.

मला विकत घ्यायला आला तो एक उंच, काटकुळा मास्तर. त्याने तिथल्या तिथे मला काठोकाठ भरून घेतलं, दुकानाच्या दारात टांगलं आणि समोर उकिडवा बसून माझ्याकडे टक लावून बघत राहिला. तासभर! मी बाई माणूस, जरा तरी लाज? तासाभराने माझ्या अंगाला घाम फुटला.

शिंपी म्हणाला, "हे बघा, गळते म्हणून परत करणार असाल तर तसं आधीच सांगा."

"गळली नसती तर परत केली असती," मास्तर म्हणाला.

तेवढ्यापुरता तो मला बरा वाटला. तेवढ्यापुरताच.

तो शाळेत जीवशास्त्र शिकवायचा. वर्गातल्या पहिल्याच तासाला त्याने खिशातून साबणाची डबी काढून टेबलावर ठेवली होती. आत जिवंत विंचू. "हे आपले पाहुणे," तो मुलांना म्हणाला, "लाजाळू आहेत, आरडाओरडा करू नका." त्या दिवसापासून सगळी शाळा त्याला विंचू सर म्हणू लागली. त्यालाही ते नाव आवडायचं. माणसांना काय आवडेल सांगता येत नाही.

दरवर्षी परीक्षा संपली की विंचू सर नववीची दहाबारा पोरं घेऊन चार दिवस वाळवंटात मुक्कामाला जायचे. भाड्याचा टेम्पो, दोन तंबू, पाण्याचं एक पिंप, आणि टेम्पोच्या नाकावर लोंबकळणारी मी. वाऱ्यावर मी पाणी असं गार करायची की एकदा एका पोराने घोट घेतला आणि दातावर दात आपटून त्याचा दुधाचा दात पडला. सरांनी तो बाटलीत घालून वर चिठ्ठी लावली. चौदा वर्षांच्या पोराला दुधाचा दात कुठला, असं मला विचारू नका. मी पाण्यातली जाणकार, दातांतली नाही.

तळावर सरांचा एक नियम होता. संध्याकाळी ते तळाभोवती दोरी ताणायचे, आणि सकाळी दोरीपलीकडे पाऊल टाकायला बंदी. "आधी पेपर, मग चहा!" पेपर म्हणजे वाळू. अंधारात त्यावरून जो जो गेला त्याची बातमी तिथे उमटलेली असायची. पोरं पोटावर पालथी पडून ती वाचायची. हा भुंगेरा इथून आला, इथे थबकला, इथे त्याला कोल्ह्याची चाहूल लागली. एखादं पोर आपल्या चपलेने खुणा विस्कटून टाकायचं, मग सर खवळायचे. "वाचून होईपर्यंत ठसा पुसायचा नाही! ज्याचा ठसा, त्याची ती सही. दुसऱ्याची सही पुसतोस, गाढवा?"

दुसरा नियम माझ्याविषयी. निघण्याआधी सर माझ्या पोटावर सणसणीत थाप मारायचे. हात ओला झाला की म्हणायचे, "घामेजली बया. चला!" बया म्हणे! रोज सकाळी थप्पड खायची आणि वर हे ऐकायचं. मला त्या माणसाचा मनस्वी राग होता.

आता त्या शेवटच्या वर्षाचं सांगते. शाळेने परीक्षा तीन आठवडे पुढे ढकलल्या, त्यामुळे सहल ऐन तापत्या उन्हात आली. सोबत दोन पोरं होती ती लक्षात ठेवा. एक वर्गाचा मॉनिटर. भांग कसा सरळ, शिट्टी गळ्यात, वही काखेत. काचपट्टी फुटून त्याच्या उजव्या अंगठ्यावर तिरपा काप गेला होता, त्याचीसुद्धा त्याने वहीत तारीख लिहून ठेवलेली. दुसरा बटाट्या. गोल, हसरा आणि हट्टी. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

"बटाट्या, तिसरा पेला झाला तुझा. मी लिहितोय."

"लिही की. खाली माझं चित्रही काढ. गोल काढायला सोपं जाईल."

मॉनिटरला खरा खुपत होता तो बटाट्या नव्हे, मी. टपकणारं पाणी बघून त्याच्या जिवाची घालमेल व्हायची. मिनिटाला किती थेंब, तासाला किती, चार दिवसांत किती, असं सगळं त्याने वहीत मांडलं. आणि दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला, सर आणि बाकीची पोरं सरपण गोळा करायला गेली असताना, हा शहाणा मला घेऊन स्टोव्हपाशी बसला. तळावरच्या सगळ्या मेणबत्त्या वितळवून त्याने मला नखशिखांत मेण फासलं. तोटीजवळची शिवण तरी पाझरतच होती. मग सरांच्या पेटीतली लाखेची लाल कांडी काढली. नमुन्यांच्या बाटल्यांची बुचं सर त्या लाखेने बंद करायचे. ती वितळवून त्याने शिवणीवर थापली आणि ओल्या अंगठ्याने घट्ट दाबली.

मी गळायची थांबले. पोरगा हरखला. सरांना सकाळी दाखवू, शाबासकी मिळेल, असं त्याच्या मनात असावं. लबाडी त्यात नव्हती, एवढं मी त्याच्या बाजूने बोलते. याउपर त्याच्या बाजूने एक अक्षर बोलणार नाही.

सकाळी वाळूवर घोरपडीचा ताजा माग निघाला. झालं! सरांना दुसरं काही दिसेना. दुर्बीण गळ्यात अडकवून ते मागाच्या मागे पुढे सुटले. त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी मला थाप मारली नाही. मला काठीला अडकवून मॉनिटर आणि आणखी एक पोर सगळ्यांच्या मागून येत होते.

उन्हं चढली. माझ्या पोटातलं पाणी अंघोळीच्या पाण्यासारखं कढत झालं आणि त्याला मेणबत्तीचा वास मारायला लागला. पोरांनी एकेक घोट घेतला आणि थुंकला.

"पी मुकाट्याने," मॉनिटर बटाट्यावर खेकसला. "काल चार पेले ढोसत होतास."

"मेलो तरी पिणार नाही असलं," बटाट्या म्हणाला.

हट्टी होताच तो. टळटळीत दुपारी तो वाळूवर कोसळला. डोळे पांढरे, अंग तव्यासारखं. सर धावत मागे आले, माझं बूच काढून त्यांनी सगळं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं, आणि त्या गोल पोराला पाठीवर घेऊन सडकेपर्यंत चार मैल पळाले. मी म्हणते चार. सांगणारे दोन सांगतात. ज्यांनी उन्हात बटाट्याला उचललेलं नाही त्यांनी आकड्यावरून हुज्जत घालू नये.

बटाट्या वाचला. चौकशी बसली. मुख्याध्यापकांच्या खोलीत टेबलावर मला पसरून ठेवलं होतं, पकडलेल्या चोरासारखं.

"हे मेण कोणी फासलं?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

मॉनिटर उभा होता. उजवा हात पाठीमागे. "मी," तो म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तर!

"कोणाच्या सांगण्यावरून?"

पोरगा खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर काही नव्हतं, नुसती भिंत. त्या भिंतीकडे बघत तो म्हणाला, "सरांनी सांगितलं."

मी वाट बघत राहिले, आता विंचू सर कडाडतील. ते त्या पोराकडे बघत राहिले, मग माझ्यावरच्या लाल लाखेकडे. आणि म्हणाले, "बरोबर आहे. छागल रोज तपासायची जबाबदारी माझी. त्या दिवशी मी तपासली नाही."

असा राग आला मला! विंचू म्हणवतोस ना, मग डंख मार की! पण नाही. सेवापुस्तकात ओळ पडली: निष्काळजीपणामुळे विद्यार्थ्याच्या जिवास धोका, सेवेतून कमी. मला खांद्यावर टाकून ते घरी आले.

पुढे धान्याच्या गोदामात किडे मोजायची नोकरी मिळाली त्यांना. वाळवंटात पुन्हा पाऊल टाकलं नाही. मात्र दर रविवारी मला टेबलावर पसरून, वर टीपकागद ठेवून, गरम इस्त्रीने ते माझ्या अंगातलं मेण टिपून काढायचे. दोन वर्षं लागली. पुन्हा पाणी भरलं तेव्हा मला घाम फुटला, आणि त्यांनी थाप मारली. अगदी हळू. मला सणसणीतच आवडायची, हे तेव्हा कळलं.

त्यांची लहानगी लेक शेजारी उभी होती. "बाबा, हे लाल पण काढा ना."

"ते नको. अजून वाचून व्हायचंय."

"कोणी वाचायचंय?"

"ज्याची सही आहे त्याने."

पोरीला काय कळणार? तिने मान डोलावली. पुढे सर वारल्यावर तिने मला न्हाणीघराच्या दाराआड खिळ्याला टांगलं आणि पोटात कपड्यांचे चिमटे भरले. चिमटे! जिने वाळवंटात दात पाडले तिच्या पोटात!

ती लेक बसवर कंडक्टर झाली, सगळे तिला ताई म्हणू लागले. तिच्या जिभेला धार कोणी लावली असेल तर माझ्या शिंप्याच्या भुतानेच. सतरा वर्षांच्या नोकरीतली एक गोष्ट ती घरी नेहमी सांगायची. "साठ माणसं कोंबलेली असू देत, फुकट्या मला बरोब्बर सापडतो. मी जवळ गेले की तो खिडकीबाहेर बघायला लागतो. एरवी त्याला बाहेरच्या झाडांचं काही पडलेलं नसतं!" मी दाराआडून ऐकायची आणि मला ती भिंत आठवायची. पण मला कोण विचारतंय?

मग शाळेचं पत्र आलं. शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून विंचू सरांच्या आठवणींचं काचेचं कपाट करायचंय, त्यांची एखादी वस्तू द्यावी. खाली मुख्याध्यापकांची सही. ताईने पत्र दोनदा वाचलं, समारंभाच्या दिवशी चिमटे जमिनीवर ओतले आणि मला खांद्याला अडकवून, अंगावरच्या खाकी कपड्यांनिशी तडक शाळेत गेली.

तीच खोली, तेच टेबल. खुर्चीत बसला होता मॉनिटर! भांग तसाच सरळ, फक्त मधली दाटी ओसरलेली. तो मुख्याध्यापक झालाय हे मला तिथे पोचल्यावर कळलं. पाणी असतं तर त्याच्या टेबलावर सांडले असते.

"या ताई, या! सरांचे आमच्यावर फार उपकार..."

"ते राहू दे," ताई उभ्यानेच म्हणाली. "छागल देते. आधी सेवापुस्तकातली ओळ खोडा. माझे बाबा छागलीवर साधा पंचासुद्धा वाळत घालू द्यायचे नाहीत, तिला श्वास घेता येणार नाही म्हणून. ते मेण लावायला सांगतील? कोणीतरी खोटं बोललंय."

"जुन्या नोंदींना हात लावता येत नाही, ताई. आणि आता आपण त्यांचा गौरवच करतोय की."

"गौरव तुम्हालाच असू दे. मला ओळ हवीय."

त्याने विषय बदलायला मला जवळ ओढलं. उलटीपालटी केली. लाल लाखेपाशी त्याचा हात थांबला. "हा... हा डाग शिपायाकडून खरवडून घेऊ. कपाटात बरा दिसणार नाही."

"नको. बाबा म्हणायचे, ते अजून वाचून व्हायचंय. ज्याची सही आहे त्याने वाचायचं."

मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघायला लागले.

ताईने एकदा खिडकीकडे बघितलं. अजून तीच भिंत. मग ती टेबलावर वाकली, लाखेत उमटलेला अंगठ्याचा ठसा निरखला आणि बसमध्ये विचारते त्याच आवाजात म्हणाली, "काय हो, बाहेर काय आहे?"

"काही नाही."

"अंगठा दाखवा. उजवा."

त्याने मूठ मिटली. तिने हात पुढे केलेलाच ठेवला. शेवटी मूठ उघडली. अंगठ्यावर तिरप्या कापाचा वण होता, आणि लाखेतल्या छोट्या ठशावरही तशीच तिरपी रेघ. अंगठा वाढला होता, रेघ तीच होती.

"मी चौदा वर्षांचा होतो, ताई."

"आणि आज?"

"त्रेपन्न."

"मग त्रेपन्न वर्षांच्या माणसाने बोलावं. मी काही बोलणार नाही. सभागृहात लोक जमलेत. वाचून दाखवता की मी हिला घेऊन घरी जाऊ? मग करा भाषण रिकाम्या कपाटापुढे."

उत्तराची वाट न बघता तिने मला नळाखाली धरलं आणि काठोकाठ भरलं. एवढ्या वर्षांनी! अंग फुगलं, टाके ताणले, दोनशे बारा शिव्या जाग्या झाल्या. तिने मला व्यासपीठावर नेऊन, भाषणाच्या टेबलाशेजारी, कपाटाच्या उघड्या दाराला टांगलं.

कपाट दिलं होतं बटाट्याने. तो आता काचेचा व्यापारी, पहिल्या रांगेत दोन खुर्च्या व्यापून बसलेला. शेजाऱ्याला ऐकवत होता, "त्या विंचवासाठी कपाट? आधी सांगितलं असतं तर प्लायवूड लावलं असतं! मरायला निघालो होतो मी त्याच्यापायी!"

मुख्याध्यापक उभे राहिले. कागद उलगडला. "सरांचं व्यक्तिमत्त्व म्हणजे निर्मळ झरा..." टप. "ज्ञानाचा अखंड..." टप. "त्यांच्या पावलांच्या ठशांवरून चालताना..." टप, टप.

शपथेवर सांगते, मी मुद्दाम नाही केलं. बरं, थोडं केलं.

"अहो!" बटाट्या ओरडला. "ती पिशवी गळतेय! माझ्या कपाटाचं लाकूड फुगेल!"

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं. कागद खाली ठेवला.

"गळायलाच हवी ती," ते म्हणाले. "गळते म्हणून पाणी गार असतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं." त्यांनी भाषणाचा कागद पालथा घातला. "छागलीला मेण मी लावलं. मला कोणीही सांगितलं नव्हतं. सरांनी सांगितलं असं मी खोटं बोललो, आणि सर... सर बरोबर आहे म्हणाले."

मागून शिपायाने कोणाला तरी विचारलं, "टाळ्या वाजवायच्या का?"

बटाट्या उठला. खुर्चीही त्याच्याबरोबर थोडी उठली. "तू?" त्याचा आवाज चिरकला. "अरे हरामखोरा, एकोणचाळीस वर्षं मी त्या माणसाला शिव्या घातल्या! मला पाठीवर घेऊन पळाला तो, आणि रस्त्यात दिसला तर मी तोंड फिरवायचो रे! तो मरेपर्यंत! आणि तू वहीत माझे पेले लिहीत होतास!"

तो व्यासपीठावर चढला. मला वाटलं आता मॉनिटरच्या कानाखाली आवाज काढतो. मी खूश होते. पण तो माझ्यापाशी आला. माझं बूच काढलं, तोटी तोंडाला लावली आणि घटाघटा प्यायला. शर्ट भिजला, गाल भिजले. पाण्याने की कशाने ते मी सांगत नाही.

"गार आहे," तो हळूच म्हणाला. "गार आहे की हे."

मुख्याध्यापकांनी सेवापुस्तक मागवून त्या ओळीखाली, सगळ्यांसमोर, खरं काय ते स्वतःच्या हाताने लिहिलं आणि सही केली. पान भरून लिहिलं, असं लोक म्हणतात. माझ्या मते आणखी एक पान लिहायला हरकत नव्हती. मी त्यांना माफ केलेलं नाही. मी कापड आहे, संत नाही.

ताईने सही तीनदा वाचली. मग कंबरेची किल्ली काढून तोटीजवळची लाख टचकन उडवली आणि तो लाल तुकडा त्यांच्या भाषणाच्या कागदावर ठेवला.

"वाचून झालं," ती म्हणाली आणि मला खांद्याला अडकवून निघाली. कपाट रिकामंच राहिलं. त्यात आता खडू ठेवतात म्हणे.

हल्ली मी ताईच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या खिडकीबाहेर लोंबकळते. ड्रायव्हर रोज कुरकुरतो, "ताई, हिचं पाणी वाऱ्याने आत उडून माझ्या बुटात गळतं." ताई म्हणते, "बूट काढा." लाख निघाली तिथली शिवण उघडी पडलीय, तिथून मी जरा जास्तच गळते. सुटायच्या आधी ताई माझ्या पोटावर थाप मारते. सणसणीत. बापाचा हात आहे पोरीला.

तुम्हाला तहान लागली तर या, पाणी गार आहे. फक्त माझ्या बुडाला बोट लावून शोध लावू नका. आणि ताई जवळ आली की खिडकीबाहेर बघू नका. मी आधीच बाहेर टांगलेली असते, मला तुमचं तोंड दिसतं.